स्पॅनिश येतं, पण वर्गात बोलताना घसा कोरडा पडतो : विद्यार्थ्यांची भीती कशी कमी करावी?

कोवळंऊन

नमस्कार. मी स्पॅनिश शिकवते. बहुतेक विद्यार्थी ए१ आणि ए२ पातळीचे (म्हणजे अगदी सुरुवातीच्या दोन पातळ्या), वयाने शाळकरी मुलांपासून नोकरदारांपर्यंत सगळे.

वर्गात एक मुलगी आहे. तिचा गृहपाठ तपासताना लाल पेन उचलावं लागत नाही. 'सेर' आणि 'एस्तार' ('असणे' या अर्थाची दोन क्रियापदं) यांतला फरक ती शेजारणीला माझ्याहून सोप्या शब्दांत समजावून देते. पण मी तिच्याकडे बघून "काल काय केलंस?" एवढंच स्पॅनिशमध्ये विचारलं की मान खाली जाते आणि उत्तर येत नाही. तास संपल्यावर दाराशी थांबून तेच उत्तर हळूच सांगते, आणि ते बरोबर असतं.

अशी ती एकटीच नाही. प्रत्येक तुकडीत तीनचार जण तरी असे निघतात, आणि त्यांतले काही पुढच्या पातळीला नावच घालत नाहीत. भाषा अवघड गेली म्हणून सोडली असती तर समजू शकले असते. येत असलेली भाषा केवळ भीतीने सोडून देणं मला फार लागतं. "घाबरू नकोस" म्हटल्याने भीती जात नाही हे आपल्या सगळ्यांना माहीत आहे. त्यापलीकडे तुम्ही काय केलंत आणि कशाचा उपयोग झाला, ते सविस्तर लिहाल का? शिकणाऱ्यांनीही लिहा, त्यांचं तर आधी.

जुनी_वही

चांगला विषय काढलात. तुम्ही वर्णन केलेली मुलगी या विषयाच्या अभ्यासात अगदी सुरुवातीपासून आहे. इलेन हॉरविट्झ आणि सहकाऱ्यांनी १९८६ साली परकी भाषा शिकतानाची चिंता मोजायला ३३ विधानांची एक प्रश्नावली छापली. ती ज्यांच्याकडून प्रथम भरून घेतली ते टेक्सास विद्यापीठातले नवशिके स्पॅनिशचेच विद्यार्थी होते. हॉरविट्झ आणि सहकाऱ्यांचं म्हणणं असं की ही चिंता सर्वसाधारण घाबरटपणाहून वेगळी असते. एरवी चारचौघांत बिनधास्त बोलणारा माणूसही परक्या भाषेच्या वर्गात गप्प होऊ शकतो, कारण तिथे त्याची हुशारी त्याला दाखवताच येत नाही. विचार मोठ्या माणसाचे आणि वाक्यं लहान मुलाची, या अवस्थेत लोकांसमोर उभं राहायचं असतं.

त्यांनी तीन धागे सांगितले : संवाद साधण्याची धास्ती, इतर नावं ठेवतील ही भीती, आणि परीक्षेचा ताण. आपल्या विद्यार्थ्याचा धागा कोणता हे कळल्याशिवाय उपाय करू नये असं माझं मत आहे. मी तुकडी सुरू झाली की दुसऱ्यातिसऱ्या आठवड्यात नाव न घालता एका चिठ्ठीवर लिहून घेते : या वर्गात सगळ्यांत नकोसा क्षण कोणता? व्याकरण असं उत्तर क्वचित येतं. "अचानक माझं नाव घेतलं जातं तो क्षण", "माझी पाळी जवळ येते तेव्हा", "मी बोलताना कोणीतरी हसतं तेव्हा" हीच उत्तरं फिरून फिरून येतात.

आता या पाळीचंच बघा. ओळीने एकेकाला वाचायला लावण्याची पद्धत निरुपद्रवी वाटते. पण सातव्या क्रमांकावरचा विद्यार्थी त्या वेळी काय करतो? आपल्या वाट्याला कुठलं वाक्य येणार ते मोजतो आणि तेवढंच घोकत बसतो. पहिल्या सहा जणांचं त्याच्या कानावरही पडत नाही. मग त्याची पाळी होऊन गेली की सुटलो म्हणून पुढचंही ऐकत नाही.

त्याऐवजी प्रश्न सगळ्यांना टाकावा, अर्धा मिनिट प्रत्येकाने वहीत उत्तराचे दोन शब्द लिहावेत, मग शेजाऱ्याला सांगावं, आणि त्यानंतरच वर्गासमोर. फ्रँक लायमन यांनी १९८१ मध्ये मांडलेली ही रीत साधी आहे, पण वर्गासमोर बोलण्याची वेळ येते तोवर उत्तर एकदा तोंडातून बाहेर पडून गेलेलं असतं. दुसरी गोष्ट थांबण्याची. मेरी बड रो यांनी विज्ञानाच्या वर्गांतलं निरीक्षण करून दाखवलं होतं की शिक्षक प्रश्न विचारल्यावर सरासरी सेकंदभरच थांबतात, आणि तीन सेकंद थांबले तर उत्तरं लांब आणि विचारपूर्वक येतात. परक्या भाषेत तर तीनही कमी पडतात. मनात मोजून बघा, तीन सेकंदांची शांतता शिक्षकालाच जास्त जड जाते.

तिसरा_बाक

मी विद्यार्थी आहे, सध्या बी१, म्हणजे ए२ च्या पुढची पातळी. शिकणाऱ्यांनी आधी लिहा म्हणालात म्हणून लिहितो.

बोलताना डोक्यात काय चालतं ते सांगतो. एक वाक्य तयार करायचं तर नामाचं लिंग, वचन, काळ, क्रियापदाचं रूप, सगळं आधी तपासून घ्यायचं असतं. ती तपासणी संपेपर्यंत विषय पुढे गेलेला असतो. आणि धीर करून सुरुवात केलीच तर तिसऱ्या शब्दाला शिक्षक "ला नाही, एल" म्हणतात (नामाच्या लिंगाप्रमाणे त्याआधी लागणारे हे शब्द). दुरुस्ती बरोबरच असते. पण 'एल प्रोब्लेमा' नीट म्हणून होईपर्यंत मला मुळात काय सांगायचं होतं ते निसटून जातं. वाक्य अर्धवट राहतं आणि सगळे बघत असतात.

मला दोन गोष्टींनी खूप मदत झाली. आमच्या आताच्या शिक्षकांनी पहिल्याच तासाला वहीच्या पहिल्या पानावर अडचणीतली वाक्यं लिहून दिली. 'नो एन्तियेन्दो', म्हणजे समजलं नाही. 'मास देस्पासियो, पोर फाबोर', जरा सावकाश बोला. 'कोमो से दीसे', म्हणजे अमुक शब्दाला काय म्हणतात. आणि विचार करायला वेळ घेण्यासाठी 'आ बेर' आणि 'पुएस'. ही वाक्यं इतकी म्हणवून घेतली की झोपेतही येतील. अडलो तरी स्पॅनिशमधूनच अडतो, त्यामुळे संवाद तुटत नाही. यांतलं एखादं वाक्य वापरलं की सर मान डोलावतात, चूक केल्यासारखं बघत नाहीत.

दुसरी गोष्ट फोनवर आवाज मुद्रित करणं. घरी मिनिटभर बोलायचं आणि फक्त सरांना पाठवायचं, वर्गाला नाही. तेही आवाजातच उत्तर देतात. मी किती बोलू शकतो हे मला त्यातून पहिल्यांदा कळलं.

आम्हाला बोलायला लावूच नका, असं माझं म्हणणं नाही. लावा, पण आधी कळू द्या.

रानवाट

मीही शिकवतो आणि थोडं वेगळं मत मांडतो. वरचं सगळं पटतं, पण जपण्याच्या नादात विद्यार्थ्याला बोलण्यापासूनच दूर ठेवलं जातं, हे मी अनेक ठिकाणी पाहिलं आहे. "त्याला नको विचारू, तो बुजतो" असं एकदा ठरलं की वर्षभर त्याला कोणी विचारत नाही. वर्ष संपतं, भीती होती तेवढीच राहते. पाण्यात उतरल्याशिवाय पोहता येत नाही. मी पहिल्या तासापासून प्रत्येकाला बोलतं करतो, आणि माझ्या वर्गात कोणी कोणाला हसत नाही, कारण पहिल्या दिवशी सगळेच एकदम चुकतात.

सुरुवातीला विद्यार्थ्यांना गप्प राहू द्यावं, फक्त ऐकू द्यावं, हा विचार ट्रेसी टेरेल यांच्या पद्धतीतून आला. ते स्वतः कॅलिफोर्नियात स्पॅनिशचे प्राध्यापक होते, आणि स्टीव्हन क्रॅशन यांच्याबरोबरचं त्यांचं पुस्तक १९८३ चं. त्यांच्याविषयी मला आदर आहे. पण आठवड्यातून दोन तास मिळणाऱ्या नोकरदार माणसाला "तू नुसता ऐक" म्हटलं तर पातळी संपेल आणि तोंड उघडलेलंच नसेल.

मनतरंग

मी समुपदेशक आहे, भाषाशिक्षक नाही. पण भाषेच्या तासामुळे त्रासलेली मुलं माझ्याकडे येतात.

रानवाट, टाळल्याने भीती वाढते हे तुमचं म्हणणं अगदी बरोबर आहे. टाळलं की त्या क्षणी हायसं वाटतं, आणि ते हायसं वाटणंच पुढच्या वेळी पुन्हा टाळायला लावतं. म्हणून बुजणाऱ्या विद्यार्थ्याला बोलण्यातून कायमची सूट देऊ नये. मात्र तुमच्याच उदाहरणात पाणी किती खोल हे महत्त्वाचं. एका माणसाशी बोलणं, मग तिघांच्या गटात, मग जागेवर बसून वर्गाशी, मग समोर उभं राहून, अशा पायऱ्या हव्यात. पुढची पायरी कधी हे विद्यार्थ्याला माहीत असावं, आणि एका पायरीवर धडधड बरीच कमी झाल्याशिवाय पुढे ढकलू नये. न सांगता अचानक उभं केलं तर मुलाच्या मनात एवढंच पक्कं होतं की हा वर्ग बेभरवशाचा आहे.

आणखी एक. चिंता फक्त बोलताना आड येते असं नाही. पीटर मॅकिन्टायर आणि रॉबर्ट गार्डनर यांनी १९९४ मध्ये ती तीन टप्प्यांवर तपासली : भाषा कानावर पडताना, ती डोक्यात मुरताना आणि बाहेर काढताना. घाबरलेला विद्यार्थी सूचनाच नीट ऐकत नाही, मग पुढचं सगळं कोसळतं. शिक्षकाला वाटतं अभ्यास केलेला नाही. अशा मुलाला तोंडी सूचनेबरोबर ती फळ्यावर लिहिलेलीही दिसली तर पुष्कळ फरक पडतो.

"शांत हो" हा सल्लाही शक्यतो देऊ नये. ॲलिसन वुड ब्रुक्स यांच्या २०१४ च्या प्रयोगांत, भाषण करण्याआधी स्वतःला शांत करू पाहणाऱ्यांपेक्षा "मला उत्साह वाटतोय" असं मोठ्याने म्हणणाऱ्यांची भाषणं चांगली झाली. धडधड दोन्हीकडे तीच असते. तिला दाबण्यापेक्षा वेगळं नाव देणं शरीराला सोपं जातं.

मात्र श्वास कोंडणं, उलटी होणं, तासाच्या आदल्या रात्री झोप न लागणं, शाळेतच न जाणं, असं काही दिसलं तर ते वर्गातल्या युक्त्यांवर सोडू नका. पालकांशी बोला आणि तज्ज्ञाकडे पाठवा.

शब्दवेडी

सगळ्यांचं वाचतेय. मला एक मुद्दा राहिलेला वाटतो. आपल्याकडचे बहुतेक विद्यार्थी स्पॅनिश इंग्रजीच्या आधाराने शिकतात. पुस्तकं इंग्रजीतून, समजावणं इंग्रजीतून. ज्यांना मुळात इंग्रजीचाच धसका आहे त्यांच्यावर त्यामुळे दुहेरी ओझं पडतं. आणि इंग्रजी बोलणाऱ्याला जे विचित्र वाटतं, ते मराठी माणसालाही विचित्र वाटणारच असं पुस्तक गृहीत धरतं.

'मे गुस्ता'चं, म्हणजे 'मला आवडतं'चं प्रकरण घ्या. इंग्रजी पुस्तकांत त्यावर पानंच्या पानं असतात, कारण त्यांना कर्ता आणि कर्म उलटे झाल्यासारखे वाटतात. आपण 'मला पुस्तक आवडतं', 'मला पुस्तकं आवडतात' म्हणतो. तिथेही आवडणारी वस्तू क्रियापदाचं रूप ठरवते, स्पॅनिशमध्येही तेच : 'मे गुस्ता एल लिब्रो', 'मे गुस्तान लोस लिब्रोस'. हे मराठीतून दाखवलं की वर्गातले चेहरे बदलतात. विशेषणाने नामाचं लिंग उचलणं, 'तू' आणि 'तुम्ही'सारखं 'तू' आणि 'उस्तेद', दातांना जीभ लावून म्हणायचे त आणि द, लिहिलं तसं वाचणं, हे सगळं आपल्या जिभेला आणि कानाला ओळखीचं आहे. बुजलेल्या विद्यार्थ्याला "तुला यातलं अर्धं आधीच येतं" हे नुसतं सांगू नका, असं दाखवून द्या.

ऐकण्याच्या भीतीबद्दलही. "ते फार भरभर बोलतात, मला कधीच कळणार नाही" हे मी पुन्हा पुन्हा ऐकते. विद्यार्थ्याचा कान इथे खोटं सांगत नाही. २०११ च्या एका तौलनिक अभ्यासात स्पॅनिशचा वेग सेकंदाला सरासरी ७.८ अक्षरं (उच्चाराचे खंड) आणि इंग्रजीचा ६.२ निघाला होता. पण त्याच अभ्यासात असंही दिसलं की स्पॅनिशच्या एका अक्षरात इंग्रजीपेक्षा कमी माहिती भरलेली असते. शिवाय एका शब्दाच्या शेवटचा स्वर पुढच्या शब्दाच्या स्वराला जोडला जातो, म्हणून शब्द सुटे ऐकू येत नाहीत. हे कारण कळलं की "माझ्यातच काहीतरी कमी आहे" हा समज सैल होतो. मग ध्वनिफीत लावताना प्रत्येक शब्द पकडायला सांगू नये. पहिल्यांदा ऐकताना फक्त किती माणसं बोलतायत ते, दुसऱ्यांदा विषय, तिसऱ्यांदा एखादी वेळ किंवा ठिकाण. आणि संहिता हातात दिली तर काही बिघडत नाही.

राहिला 'र'. जिभेचं टोक थरथरवून काढायचा जाड 'र्र' जमला नाही म्हणून मोठी माणसं रडकुंडीला येतात. तो स्पॅनिश मातृभाषा असलेल्या मुलांनाही सगळ्यांत उशिरा जमणाऱ्या ध्वनींपैकी आहे. वाक्यात बोललात तर 'पेरो' (पण) आणि 'पेर्रो' (कुत्रा) यांत ऐकणाऱ्याची गफलत सहसा होत नाही. सगळ्यांसमोर एकेकाकडून 'र्र' म्हणवून घेण्याचा खेळ मात्र कृपा करून बंद करा.

कोवळंऊन

सगळ्यांचे मनापासून आभार. शब्दवेडी, 'मे गुस्ता' मराठीतून सांगणं या आठवड्यातच सुरू करते.

जुनी_वही, तिसरा_बाक यांनी दुरुस्तीबद्दल लिहिलंय त्यावर तुमचं मत हवं आहे. चुका तशाच सोडल्या तर त्या मुरतात, आणि लगेच सुधारल्या तर वाक्य मोडतं. मी सहसा विद्यार्थ्याचं वाक्य स्वतः बरोबर करून परत म्हणते. ते पुरेसं आहे का?

जुनी_वही

सौम्य आहे, पण बऱ्याचदा विद्यार्थ्यापर्यंत पोचत नाही. रॉय लिस्टर आणि लैला रांटा यांनी १९९७ मध्ये फ्रेंच माध्यमाच्या वर्गांत हेच तपासलं. शिक्षक सर्वांत जास्त वापरतात ती हीच पद्धत, वाक्य सुधारून परत म्हणण्याची. पण तिच्यानंतर विद्यार्थ्याने स्वतः काही सुधारणा करण्याचं प्रमाण सगळ्यांत कमी निघालं. मुलाला वाटतं बाईंनी फक्त होकार दिला. त्यापेक्षा इशारा देऊन त्यालाच दुरुस्त करू दिलं तर ते टिकतं. त्याने काल घडलेलं सांगताना वर्तमानकाळ वापरला, तर नुसतं 'आयेर...?' ('काल...?') म्हणून थांबायचं. बहुतेकदा तो स्वतःच 'फुई' ('गेलो') म्हणतो, आणि सुधारल्याचं श्रेयही त्याचंच राहतं.

पण हे सगळ्यांना सगळ्या वेळी नाही. मी सराव सुरू करण्याआधीच सांगते की आता आपण अचूकतेसाठी बोलतोय की एकमेकांना काही सांगण्यासाठी. सांगण्यासाठी असेल तर मी मध्ये अजिबात बोलत नाही, चुका टिपून ठेवते. शेवटी फळ्यावर चारपाच वाक्यं, कोणाची ते न सांगता. त्यांत दोन तरी अगदी बरोबर आणि सुंदर वाक्यं असतात. कुठली बरोबर, कुठली चूक, हे वर्गाने ओळखायचं. आपलं वाक्य फळ्यावर बरोबर ठरलेलं पाहून बुजऱ्या मुलाचा चेहरा काय होतो ते तुम्ही बघालच.

एल आणि ला यांच्या घोटाळ्याने अर्थ अडत नाही, तेव्हा बोलण्याच्या ओघात तो सोडून द्यावा. कोणी केलं हेच कळत नसेल, 'आब्लो'मधला आघात पहिल्या अक्षराऐवजी शेवटच्यावर जाऊन 'मी बोलतो'चं 'तो बोलला' झालं असेल, तर तिथे थांबावं.

पालवी

माझा मुलगा १३ वर्षांचा आहे. शाळेत तिसरी भाषा म्हणून स्पॅनिश घेतली. तोंडी परीक्षेच्या दिवशी सकाळी पोट दुखतं म्हणतो. मला स्पॅनिशचा एक शब्द येत नाही. घरी मी काय करू शकते?

मनतरंग

पोट खरंच दुखत असतं, त्यामुळे "नाटक करू नकोस" असं म्हणू नका. भाषा येत नाही ही तुमची मोठी जमेची बाजू आहे. त्याला सांगा की मला शिकव. दिवसातून दहा मिनिटं तो शिक्षक आणि तुम्ही विद्यार्थिनी. तुम्ही चुकाल, तो सुधारेल. घरात मोठ्यांनी चुका केलेल्या आणि त्या हसतमुखाने सुधारून घेतलेल्या मुलाला दिसणं फार उपयोगी पडतं.

परीक्षेच्या सकाळी उजळणी नको. त्याऐवजी कागदावर मनात येईल ते, भीती वाटते तीसुद्धा, दहा मिनिटं लिहू द्या. रामिरेझ आणि बायलॉक यांनी २०११ मध्ये हेच करून पाहिलं होतं. परीक्षेला घाबरणाऱ्या विद्यार्थ्यांनी आधी भीतीबद्दल लिहिलं तेव्हा त्यांची कामगिरी सुधारली. तो कागद तुम्ही वाचायचा नाही. आणि घरी आल्यावर पहिला प्रश्न गुणांचा नको.

दर परीक्षेला असंच होत राहिलं तर शाळेतल्या शिक्षकांना विचारून बघा, पहिली एखादी तोंडी परीक्षा वर्गाबाहेर, एकट्याची घेता येईल का.

तिसरा_बाक

परीक्षेचा विषय निघालाच आहे तर विचारतो. मला यंदा डेले बी१, म्हणजे स्पॅनिशच्या अधिकृत प्रमाणपत्राची बी१ पातळीची परीक्षा, द्यायची आहे. लेखीची चिंता नाही, तोंडीचा विचार आला की हात गार पडतात. समोर दोन परीक्षक असतात म्हणे.

रानवाट

दोन असतात, आणि त्यांचं काम वेगळं असतं. एक जण तुमच्याशी बोलतो. दुसरा बाजूला बसून गुण देतो आणि संवादात भाग घेत नाही. तो गप्प आहे, लिहितोय, म्हणजे नाराज आहे असा अर्थ बरेच विद्यार्थी काढतात आणि तिथेच खचतात. त्याचं कामच ते आहे. बसताना दोघांनाही 'बुएनोस दीआस' म्हणा आणि मग बोलणाऱ्याकडेच बघा.

बी१ ला तयारीसाठी १५ मिनिटं मिळतात आणि बोलणं साधारण तेवढंच. तयारीत काढलेली टिपणं आत नेता येतात, त्यांवर नजर टाकता येते, फक्त वाचून दाखवायची नाहीत. म्हणून पूर्ण वाक्यं लिहू नका, सुटे शब्द लिहा. गुणांचंही समजून घ्या. वाचन आणि लेखन हा एक गट, श्रवण आणि संभाषण हा दुसरा. प्रत्येक गटात ५० पैकी ३० हवेत. म्हणजे संभाषण थोडं कमी पडलं तर श्रवणाचे गुण त्याला हात देतात. श्रवणाची तयारी जोरात करा, तोंडीची धास्ती आपोआप थोडी उतरेल.

माणसासमोर बसणंच अशक्य वाटत असेल तर सिएले ही दुसरी परीक्षा आहे. तिच्यात बोलणं संगणकावर मुद्रित होतं आणि उत्तीर्ण-अनुत्तीर्ण नसतं, मिळालेल्या गुणांप्रमाणे पातळी दाखवली जाते. पण तुमचं लिहिणं वाचून मला वाटतं तुम्ही डेलेच द्यावी.

तिसरा_बाक

हे दुसऱ्या परीक्षकाचं मला कोणीच सांगितलं नव्हतं. आणि मध्येच डोकं कोरं झालं तर?

रानवाट

'पेर्दोन, बोय आ एम्पेसार ओत्रा बेस' म्हणा, म्हणजे माफ करा, पुन्हा सुरू करतो, आणि आधीपेक्षा लहान वाक्याने सुरुवात करा. प्रश्नच कळला नसेल तर तो पुन्हा सांगायची विनंती करा. बी१ च्या माणसाने अडल्यावर विचारावं हे त्या पातळीत धरलेलंच आहे. अशी चार वाक्यं आतापासून रोज मोठ्याने म्हणा, आणि परीक्षेआधी कोणालातरी समोर बसवून, दुसऱ्याला बाजूला गप्प लिहीत बसवून, दोनतीनदा पूर्ण तालीम करा. माणसं मिळत नसतील तर इथे लिहा, मी आणि जुनी_वही ऑनलाइन बसू शकतो.

जुनी_वही

हो, मी बाजूला बसून लिहायचं काम करीन. शनिवारी संध्याकाळी चालेल का?